बंधारा जागेवर आहे, नदी बाजूने गेली (मराठवाड्यातली वाया गेलेली कामं)

दुधनाकाठ

मागच्या आठवड्यात गावी जाऊन आलो. परभणी जिल्हा. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की गुत्तेदार (ठेकेदार) कोण, साहेब कोण हे दोन मिनिटांत ओळखू येईल, आणि चुलत्यांना तिथंच राहायचंय.

आमच्या नदीवर कोल्हापुरी बंधारा आहे, 12 गाळ्यांचा (दोन खांबांमधली पाण्याची वाट म्हणजे गाळा). सप्टेंबर 2025 च्या पुरात मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे पाण्यानं डावा काठ खाल्ला. बंधाऱ्याच्या भिंतीला धक्का नाही, खांब शाबूत, वरचा स्लॅब शाबूत. फक्त नदी आता त्याच्यातून जात नाही, बाजूने जाते. काठाची काळी माती, त्यावरची दोन बाभळीची झाडं आणि एकाची साडेतीन एकरातली अर्धी जमीन घेऊन तिनं नवा रस्ता काढला.

चुलते म्हणाले, चल दाखवतो. गेलो तर बंधाऱ्याला नवाकोरा निळा रंग. नवी रेलिंग. कामाचा बोर्ड, त्यावर आकडा (तोही लिहीत नाही). लोखंडी दारं नवीन आलेली, भरावाच्या कडेला नीट चळत लावून ठेवलेली, उन्हात रंगाचा वास सुटलेला. गाळ्यांत पाण्याचा थेंब नाही. तिसऱ्या-चौथ्या गाळ्यात सावली बरी म्हणून शेळ्या बसल्या होत्या. आणि डाव्या हाताला, पन्नास पावलांवर, नदीचं पाणी खळखळ चाललेलं.

चुलते म्हणाले, "दारं तर आली. आता नदीला कोण सांगणार, बाई इकडून जा म्हणून?"

कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं की दारं, रंग, रेलिंग हे दुरुस्तीच्या हेडखाली येतं. काठाचा भराव आणि दगडी पिचिंग पूरहानीच्या हेडखाली. त्याचा प्रस्ताव वर गेलाय.

तुमच्याकडे असं काय काय आहे ते लिहा. शक्यतो स्वतः बघितलेलं. पक्षांवर घसरू नका ही विनंती, गुत्तेदार सगळ्यांचेच आहेत.

---

भाकरतुकडा

नदीला नोटीस काढा. अतिक्रमण केलंय तिनं.

---

निवृत्त_शाखा

जलसंपदात आणि आधी बांधकाम खात्यात मिळून 31 वर्षं नोकरी केली, त्यामुळे थोडं लांबेल.

कोल्हापुरी बंधारा ही वस्तू चांगली आहे, पण ती कोल्हापूरची आहे. पंचगंगेसारख्या नदीला सह्याद्रीचं पाणी पावसाळा संपल्यावरही बरेच दिवस येत राहतं. पावसाळ्यात दारं काढून ठेवायची, पूर आणि गाळ निघून जाऊ द्यायचा, ऑक्टोबरात दारं टाकायची. मागून येणाऱ्या पाण्यानं बंधारा निवांत भरतो. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा टाकून मधे माती ठासायचे, आता लोखंडी दारं आणि रबरी सील.

आपल्या नद्या तशा नाहीत. दुधना काय, सिंदफणा काय, मांजरा काय, चार दिवस काळीज हादरेल असा पूर आणि दिवाळीनंतर पात्रात क्रिकेट. इथं दारं टाकायची तारीख फार नेमकी लागते. लवकर टाकली आणि परतीचा पाऊस आला की बगल फुटते. आठ दिवस उशीर झाला की पाणी गेलेलं असतं. आणि तारीख ठरवणाऱ्या माणसाकडे तीन शाखांचा चार्ज असतो.

बगल का फुटते तेही सांगतो. पुरात झाडं, पाचट, तुराट्या वाहत येतात आणि गाळ्यांत अडकतात. वाट अरुंद झाली की पाणी मागं चढतं आणि कमजोर जागा शोधतं. काँक्रीटपेक्षा काठाची भिजलेली काळी माती केव्हाही कमजोरच. म्हणून पंखभिंत काठात खोलवर न्यायची असते आणि पिचिंग लांबपर्यंत करायचं असतं. अंदाजपत्रकात रक्कम बसत नसली की पहिली कात्री तिथंच लागते, कारण ते काम मातीत जातं, फोटोत दिसत नाही.

दुधनाकाठ, एक विचारतो. पुराच्या वेळी दारं काढलेली होती का?

---

दुधनाकाठ

काका, चुलते म्हणतात पाच गाळ्यांतली निघाली होती. बाकीची गंजून खाचेत बसली होती, जेसीबीशिवाय निघत नव्हती. जेसीबीचं भाडं कोणी द्यायचं यावर मे आणि जून गेला.

---

निवृत्त_शाखा

मग सात गाळे बंद ठेवून तुम्ही नदीला सामोरे गेलात. जीव वाचले हेच खूप.

---

धर्माबादी

तुमची नदी तरी स्वतःहून गेली. आमच्या बंधाऱ्याला पाणी धरायची कायद्यानंच मनाई आहे.

बाभळी. गोदावरीवर, 14 दारं, 2.74 टीएमसी (अब्ज घनफूट). खाली श्रीरामसागर धरण, म्हणजे पोचमपाड, तेव्हाच्या आंध्रात, आता तेलंगणात. बंधाऱ्याची जागा त्या धरणाच्या फुगवट्यात (पाणी मागे पसरतं त्या भागात) येते म्हणून आंध्रानं भांडण काढलं. 2010 ला आंध्राचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू बघायला आले आणि अटक झाली ते आठवत असेल. 28 फेब्रुवारी 2013 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला: बंधारा राहील, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची. शिवाय 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं.

आता हिशोब करा. गोदावरीला पाणी कधी असतं? जुलै ते ऑक्टोबर. दारं उघडी कधी? जुलै ते ऑक्टोबर. 29 ऑक्टोबरला दारं पाडायला साहेब लोक, तेलंगणाचे अधिकारी, केंद्राचा माणूस, सगळे जमतात. फोटो निघतात. त्या दिवशी नदीत असेल तेवढं पाणी आमचं. पाऊस लांबला तर बरं असतं, नाहीतर वाळू बघायची.

कोर्टाला मी नावं ठेवत नाही. खालच्या राज्याचं धरण आधीचं आहे, त्यांची बाजू होतीच. माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्याच्या फुगवट्यात आपण बंधारा बांधतोय हे नकाशा पसरला त्या दिवशी दिसलं नसेल का?

---

वाळूचा_कण

दिसलं असणार. पण टेंडर निघालेलं असणार.

---

टेलचा_शेतकरी

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आहोत, शेवटच्या टोकाला. कालवा 208 किलोमीटर. नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) भरला की पैठणला पेढे वाटतात, टीव्हीवर 27 दरवाजे दाखवतात, आणि आम्ही आमच्या चारीकडे बघत बसतो. चारीत वेड्या बाभळी एवढ्या झाल्यात की बायका सरपणाला तिथंच जातात.

माझे आजोबा सांगायचे, 1965 ला लालबहादूर शास्त्री पायाभरणीला आले तेव्हा ते बैलगाडीनं पैठणला गेले होते. 1976 ला इंदिराबाई आल्या तेव्हा वडील गेले. मी कुठं जाऊ ते सांगा.

---

औरंगपुरा

@टेलचा_शेतकरी, तुमच्या चारीचं दुःख खरं आहे. पण जायकवाडीला वाया गेलेलं काम म्हणू नका. ते धरण नसतं तर संभाजीनगर, जालना आणि सगळ्या एमआयडीसी कधीच उठून गेल्या असत्या.

---

टेलचा_शेतकरी

मी कुठं म्हणलो वाया गेलं? तुम्हाला पाणी मिळालंच की. तेच तर म्हणायलो.

---

बंबा

संभाजीनगरवाल्यांना पाणी मिळायलंय हे कोणी सांगितलं? धरण 50-55 किलोमीटरवर. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी सहा दिवसांनी, कधी आठ. घरात 200 लिटरचे चार ड्रम आहेत. सोयरीक बघायला पाहुणे आले की आधी ड्रम मोजतात, असं आमची आई म्हणते, आणि ती चेष्टा करत नाही.

आधी समांतर जलवाहिनी आली. खासगी कंपनीला दिली, नागरिकांनी आंदोलनं केली, 2016 ला करारच रद्द. मधली वर्षं गेली ती गेलीच. मग 1680 कोटींची नवी योजना, डिसेंबर 2020 ला भूमिपूजन. पुढे आकडा गेला 2740 कोटींवर. अडीच मीटर व्यासाचा पाइप, आत माणूस उभा राहील एवढा. त्याच पैठण रस्त्याचं रुंदीकरणही निघालं, आणि रस्त्यात पाइप की पाइपवर रस्ता यावर दोन खात्यांची पत्रापत्री. शेवटी हायकोर्टाच्या खंडपीठाला तारखा लावून विचारावं लागलं, किती झालं, का थांबलं.

याच गावात मलिक अंबरानं 17 व्या शतकात नहर आणली. हर्सूलकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून, विजेशिवाय, नुसत्या उतारावर आणि दाबावर. आमच्या घराजवळ त्याचा जुना बंबा, म्हणजे पाण्याचा मनोरा, उभा आहे, चुना-विटांचा. त्याला टेकून आता टँकर थांबतो.

---

भाकरतुकडा

मलिक अंबराला सुप्रमा लागली नसेल.

---

पुणेरी_पाहुणा

सुप्रमा म्हणजे काय?

---

भाकरतुकडा

सुधारित प्रशासकीय मान्यता. काम 100 चं असतं. दहा वर्षं होत नाही. मग तेच काम 600 चं होतं, त्या 600 ला जी मान्यता मिळते ती सुप्रमा. आमच्याकडे पोरीचं नाव ठेवतील एक दिवस.

---

बीडवासी

अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे घ्या. 261 किलोमीटर. 1995 ला मंजूर झाली तेव्हा 353 कोटी. आता 4805 कोटी. बीडला गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनाला. मी तेव्हा स्टेशनवर होतो आणि रडलोही, खोटं कशाला बोलू. मंजूर झाली तेव्हा मी चौथीत होतो. परळीपर्यंत अजून जायचीच आहे.

---

नांगर_आणि_नेट

सगळे एकाच सुरात रडायलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. जलयुक्त शिवार या सरकारी योजनेत आमच्या गावचा नाला रुंद-खोल केला. पुढची दोन वर्षं विहिरींना मार्चपर्यंत पाणी होतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तसले दिवस पुन्हा नको म्हणून लोकांनी स्वतः वर्गणी केली, पोकलेनला डिझेल घातलं. सगळंच बोगस म्हणणं हा त्या लोकांचा अपमान आहे.

---

गंजगोलाई

2016 ला मी लातुरातच होतो. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर. नंतर 50 वाघिणींची यायला लागली, 25 लाखांची. मांजरा धरण कोरडं ठण्ण. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी परतीच्या पावसात मांजरा भरलं. लोक विसरले. ऊस पुन्हा लागला.

नांगरभाऊंचं खोटं नाही. पण जलयुक्तवर 9633 कोटी खर्च झाले आणि 2020 च्या अहवालात कॅगनं सांगितलं की भूजल वाढवण्यात फारसा उपयोग दिसत नाही. तुमच्या गावचं चांगलं झालं असेल. शेजारच्या गावचं विचारलं का?

---

नांगर_आणि_नेट

शेजारच्या गावात विहिरी आटल्या, हे खरं आहे. पण ते वरच्या अंगाला आहेत, त्यांचं नेहमीच असं.

---

मुरूम

नांगरभाऊ, वरच्या अंगाला आहेत म्हणूनच आटल्या हो. मी भूजलवाला आहे, थोडं सांगू द्या.

आपल्याकडे खाली बेसाल्ट. वर काळी माती, खाली मुरूम, मग फुटका-सांध्यांचा खडक, मग कठीण. पाणी मुरतं आणि टिकतं ते मुरमात आणि सांध्यांत. नाला जास्त खोल नेला की बाजूच्या शेतांखालचं पाणी नाल्यात उतरतं. नाला भरलेला दिसतो, फोटो छान येतो, पण ते पाणी पावसाचं कमी आणि वरच्या शेजाऱ्याच्या विहिरीचं जास्त. म्हणून 3 मीटरपेक्षा खोल जाऊ नका, कठीण खडक फोडू नका असं नियमातच लिहिलं होतं. पण पोकलेनचं बिल घनमीटरवर निघतं. जितकं खोल तितकं बिल.

लोकांनी शिरपूरचं उदाहरण डोक्यात घेतलं होतं. शिरपूर तापीच्या गाळात आहे, तिथं जमिनीखाली खोलवर गाळाचे थर आहेत, पाणी पीत जातात. तीच युक्ती बेसाल्टवर लावायची म्हणजे फरशीवर हौद खणून पाणी मुरायची वाट बघायची. ज्यांनी माथ्यापासून सुरुवात केली, म्हणजे आधी बांधबंदिस्ती, सलग समतल चर, मग खाली नाला, त्या गावांत फायदा झाला. पण चर खणायला मजूर लागतात, आणि मजुरांच्या हजेरीपटात गुत्तेदाराला काय उरणार?

वर्गणी काढणाऱ्या लोकांची चूक नव्हती. त्यांना कुठं खणायचं हे सांगणारं कोणी आलं नाही, इतकंच.

---

नांगर_आणि_नेट

हे असं आधी कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या गावात माझी बहीण दिलेली आहे. असो.

---

औरंगपुरा

मग वॉटर ग्रिड हाच उपाय. मराठवाड्यातली 11 धरणं पाइपनं एकमेकांना जोडायची, इस्रायलच्या कंपनीनं आराखडा केला होता.

---

गंजगोलाई

2016 ला जोडली असती तर कोरड्याला कोरडं जोडलं असतं. घरातल्या रिकाम्या घागरी एका दोरीला बांधल्यासारखं.

---

मुरूम

अगदीच तसं नाही. दरवर्षी सगळीच धरणं एकदम आटत नाहीत, आणि पिण्यापुरतं पाणी फिरवता आलं तर चांगलंच आहे. पण गावातल्या अंतर्गत पाइपलाइनची गळती थांबवायला पैसे नाहीत आणि धरणं जोडायला आहेत, हा क्रम मला कळत नाही.

---

साईडपट्टी

रस्त्यांचं कोणीच बोलेना. आमच्या गल्लीत सीसी रोड तीनदा झाला. जुना न उखडता त्याच्यावरच नवा. आता रस्ता उंबऱ्याच्या वर एक वीत. पाऊस आला की आई दारात गहू चाळायची ती चाळणी बाजूला ठेवून सुपानं पाणी बाहेर फेकते. गटार अंदाजपत्रकात होतं म्हणे, "पुढच्या टप्प्यात".

रस्ता झाला मार्चमध्ये. एप्रिलमध्ये नळयोजनेचे जलजीवनवाले आले, मधोमध चर मारला, पाइप टाकला, वर माती लोटली. टाकी उभी राहिली, माणशी रोज 55 लिटरची योजना. विहीर ज्या जागी खणली तिथं पाणी नाही. टाकीवर कबुतरं आहेत.

---

निवृत्त_शाखा

रस्त्यांचं सांगतो, कारण सुरुवातीची माझी वर्षं त्यातच गेली.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही बघितल्याच असतील. तिच्यावर रस्ता करायचा तर आधी ती काढून मुरूम भरायचा, रोलर नीट फिरवायचा आणि दोन्ही बाजूंनी पाणी निघून जाईल अशी गटारं काढायची. डांबर हे शेवटचं काम. आपल्याकडे तेच पहिलं असतं. टेंडर अंदाजित रकमेपेक्षा 25-30 टक्के कमीनं (बिलो) भरलं की ती रक्कम कुठून तरी निघायला हवी, आणि ती मुरमातूनच निघते.

आता एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही ती लिहितो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली. 31 मार्च, रात्रीचे साडेअकरा, लाइट गेलेली. कंदिलावर एमबी (कामाच्या मापांची नोंदवही) लिहीत होतो. रस्त्याच्या एका तुकड्यावर थर किती जाड पडलाय हे मी मोजलं नव्हतं, तिथं गेलोच नव्हतो. अंदाजपत्रकात 50 मिमी होता म्हणून 50 लिहिलं. पैसे घेतले नाहीत. निधी परत जाईल, साहेब रागावतील, एवढीच भीती. जूनमध्ये बदली झाली. सामानाचा टेम्पो त्याच रस्त्यानं गेला आणि बायकोच्या माहेरच्या कपाटाचा आरसा फुटला. तिला कारण सांगितलं नाही.

दुधनाकाठ, तुम्ही असं करा. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं तिकीट लावून अर्ज द्या, झेरॉक्स मागण्याऐवजी फाइलची पाहणी मागा. अंदाजपत्रकाची तारीख, कार्यारंभ आदेशाची तारीख, एमबीतली दारांची संख्या आणि दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर गुत्तेदारानंच दुरुस्त करायची मुदत), एवढंच बघा. जाताना दारं स्वतः मोजून जा.

---

दुधनाकाठ

दीड महिन्यानं लिहितोय, सॉरी. पाहणी झाली. चुलते आणि मी गेलो होतो. जेई (कनिष्ठ अभियंता) पोरगाच आहे, नवा, चहा पाजला त्यानं.

दारं आधी मोजून गेलो. 12 गाळे, एका गाळ्याला 6, एकूण 72. एमबीत 72. जागेवर 72. रेलिंगचे मीटर बरोबर. रंगाचे हात बरोबर. मी चोरी पकडायला गेलो होतो, काही सापडलं नाही.

अंदाजपत्रकाची तारीख जून 2025. पूर सप्टेंबरात. कार्यारंभ आदेश त्यानंतरचा.

---

निवृत्त_शाखा

बरोबर. पुरानंतर अंदाजपत्रक बदलायचं तर फाइल पुन्हा वरपर्यंत जाते आणि मार्चच्या आत परत येत नाही. निधी जातो. म्हणून जसं मंजूर तसं केलं. त्या पोराच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

---

साईडपट्टी

म्हणजे नदी सोडून सगळं अंदाजपत्रकाप्रमाणे.

---

भाकरतुकडा

आणि काठाच्या पूरहानीचा प्रस्ताव?

---

दुधनाकाठ

त्रुटी काढून परत आलाय. नदीचा जुना नकाशा जोडला होता.

चुलत्यांनी मोटर उचलून नव्या पात्रात टाकली. पाइप सहा नग जास्त लागले. दारांवर आता गावातली पोरं बसतात, सावली आली की. शेळ्या अजून गाळ्यातच.